स्क्रीन रीडर कोणता चांगला?

अंध माणूस संगणकाशी बोलून काम करतो, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो कीबोर्डवर काम करतो. स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर त्याला ऐकवतो किंवा ब्रेल डिस्प्लेवर त्याच्या बोटांखाली उमटवतो.

त्याहून मोठा गैरसमज म्हणजे स्क्रीन रीडरला पडदा ‘दिसतो’. खरं तर प्रत्येक प्रोग्रॅमनं त्याला माहिती पुरवायची असते: हे बटण, हे त्याचं नाव, ही चौकट रिकामी. बटणाला नावच दिलेलं नसेल, तर स्क्रीन रीडर जॉज असो वा व्हॉइसओव्हर, बहुतेक वेळा नुसतं ‘बटण’ एवढंच ऐकू येतं. दोष मात्र स्क्रीन रीडरच्या माथी येतो.

महागडं तेच चांगलं, हेही खरं नाही. जॉज 1989 साली डॉससाठी आलं, पुढे विंडोजवर रुजलं. ते विकत घ्यावं लागतं. कार्यालयातल्या अवघड सॉफ्टवेअरसाठी त्यात खास स्क्रिप्ट लिहिता येतात, हे त्याचं बळ. एनव्हीडीए मात्र मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं ते 2006 मध्ये लिहायला घेतलं. घर, शिक्षण आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी मी आधी तेच सुचवेन. विंडोजमधला नॅरेटर पूर्वी फारच तोकडा होता, आता त्यावर रोजची बरीच कामं होतात.

मॅकमध्ये व्हॉइसओव्हर 2005 पासून अंगभूतच आहे. विंडोजवरून तिकडे गेलेले काही जण ‘हे जमत नाही’ म्हणून वैतागतात. कारण तिथली रचनाच वेगळी आहे: यादी किंवा तक्ता हा एक गट धरला जातो आणि आतलं वाचायला अनेकदा त्या गटात शिरावं लागतं. विंडोजवर वेबपान एका सलग दस्तऐवजासारखं वाचत, एच दाबून मथळ्यांवर उड्या मारायची सवय झालेली असते. ही सवय मोडायला वेळ द्यावा लागतो. लिनक्सवर ऑर्का आहे, तोही मोफत. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये तो कामाचा आहे.

‘मराठी वाचता येत नाही’ ही तक्रार तर नेहमीची. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीत मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, पण सरावानं खूप वेगात ऐकता येतो. खरी अडचण आपण टाइप कसं करतो, यात आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण फाइलीत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ऐकणाऱ्याच्या कानावर निरर्थक गोंगाट पडतो. स्कॅन करून चढवलेलं परिपत्रक म्हणजे तर नुसतं चित्र.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात इलेक्ट्रॉनिक मजकूर सर्वांना वापरता येईल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण आपल्या शाळेची सूचना, सोसायटीचं पत्रक, अंकातला लेख तर आपल्याच हातात आहे. ते कृतिदेवसारख्या फाँटऐवजी युनिकोडमध्ये टाइप करा आणि चित्र न पाठवता मजकूरच पाठवा.