पेर, फुटवा आणि वाटाण्याची कलमं

उंच वाण आणि बुटका वाण शेजारी शेजारी लावा, महिनाभर वाढू द्या आणि मग दोन्ही रोपांची पेरं मोजा. आकडा जवळपास सारखाच येतो. उंच रोपाला जादा पेरं फुटलेली नसतात, त्याचं एकेक पेर लांब असतं एवढंच. बुटक्या रोपाची पानं, फुलं, शेंगा सगळं जागच्या जागी असतं. आखूड असतं ते दोन पानांमधलं अंतर.

ग्रेगोर मेंडेलने ब्रनो शहरातल्या सेंट थॉमस मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याचे जे संकर केले, त्यांत हे अंतर होतंच. त्याचे उंच वाण सहा-सात फुटांचे आणि बुटके पाऊण ते दीड फुटाचे. मधलं काही नसल्यामुळे मोजणीत घोळ व्हायला जागा नव्हती. पहिली पिढी सगळी उंच निघाली. दुसऱ्या पिढीत १०६४ रोपांपैकी ७८७ उंच आणि २७७ बुटकी. आपल्या शाळेतल्या विज्ञानात ही गोष्ट तीनास एक या प्रमाणापाशी संपते, याची मला फार खंत वाटते. कारण मोजणीने एवढंच कळतं की असा एक घटक आहे. तो रोपात कुठे बसतो, काय बनवतो, त्याचा निरोप कुठून कुठे जातो, हे मोजून कळत नाही. त्यासाठी रोप कापावं आणि जोडावं लागलं, आणि त्या कामाला वाटाण्याइतकं सोयीचं रोप क्वचितच सापडेल.

उंचीचा धागा आधी हाती लागला तो भातामुळे. जपानमध्ये एका बुरशीजन्य रोगात भाताची रोपं अवाजवी उंच वाढून लोळतात. एइइची कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवलं की हे त्या बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे घडतं. पुढे त्याला जिबरेलिन हे नाव मिळालं. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायन आणि हेमिंग यांनी ते बुटक्या वाटाण्याला दिलं आणि रोपं उंच वाणासारखी वाढली. उंच वाणावर मात्र त्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे बुटक्या रोपाची वाढायची ताकद शाबूत होती, कमी पडत होतं ते वाढवणारं द्रव्य.

वनस्पती हे द्रव्य स्वतःही बनवते, टप्प्याटप्प्याने. वाटाण्यात जिबरेलिन-२० पासून जिबरेलिन-१ तयार होतं आणि खोडाची लांबी ठरवतं ते हे दुसरं. १९८०च्या दशकात लक्षात आलं की मेंडेलच्या उंचीचं जनुक नेमका हाच टप्पा सांभाळतं. बुटक्या रोपात आधीचा माल साठून राहतो आणि पुढचा पुरेसा बनत नाही. १९९७ मध्ये दोन गटांनी ते जनुक वेगळं काढलं, तेव्हा त्यातला बिघाड डीएनएच्या एका अक्षराचा निघाला. जी च्या जागी ए. त्यामुळे हे जनुक घडवतं त्या विकराच्या साखळीत २२९व्या जागी अॅलानिनऐवजी थ्रिओनिन बसतं. विकर पुरतं बंद पडत नाही, थोडंफार काम करत राहतं. म्हणून रोप बुटकं होतं, पण अगदी खुरटत नाही.

खुरटणारं रोपही आहे. त्याचं नाव 'नाना'. त्यात जिबरेलिन बनवण्याचा फार आधीचा टप्पा अडतो आणि खोड जमिनीला चिकटल्यासारखं राहतं. उलट टोकाला 'स्लेंडर', म्हणजे सडपातळ. हे काडीसारखं बारीक वाढत सुटतं. टास्मानिया विद्यापीठात, होबार्टला, जेम्स रीड, इयन मर्फेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोपांचे आपसांत संकर करून प्रश्न विचारले. नाना आणि स्लेंडर या दोन्हींचे बिघाड एकाच रोपात आणले तर? रोप सडपातळ आणि उंचच राहतं, अंगात जिबरेलिन जवळजवळ नसतानाही. मला ही या विषयातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. कारण यावरून कळलं की जिबरेलिन स्वतः खोड ताणत नाही. ते रोपातला लगाम सोडतं. ज्या रोपात लगामच तुटला आहे, त्याला जिबरेलिन असो की नसो, सारखंच. तो लगाम म्हणजे डेला गटातली दोन प्रथिनं, हे पुढे २००८ मध्ये सिद्ध झालं.

आता कलमाकडे येऊ. वाटाण्याच्या डाळिंब्या मातीखालीच राहतात आणि वर येतो तो कोवळा, सरळ, बोरूसारखा कोंब. आठवड्याभराच्या रोपाचा हा कोंब धारदार पात्याने आडवा कापायचा, खालच्या तुकड्याला मधोमध चीर द्यायची, वरच्या तुकड्याचं टोक पाचरीसारखं तासायचं आणि चिरेत बसवायचं. सांधा हलू नये म्हणून बारीक नळी किंवा चिमटा लावायचा आणि काही दिवस दमट हवेत झाकून ठेवायचं. आंब्याचं पाचर कलम बांधणाऱ्या माणसाला यात नवं काही दिसणार नाही, फरक फक्त मापाचा. एक काळजी मात्र घ्यावी लागते. मातीखालच्या डाळिंब्यांच्या बेचक्यातून खुंटाचे स्वतःचे कोंब वर येतात, ते दिसतील तसे खुडावे लागतात. नाहीतर कलमाचं खाणं तेच पळवतात.

या हातकामाने सुटलेलं मोठं कोडं म्हणजे फुटव्यांचं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. साध्या वाटाण्यात बहुतेक डोळे झोपून राहतात. 'रामोसस' नावाच्या रोपांत मात्र ते जागे होतात आणि रोपाचं झुडूप होतं. ब्रिस्बेनला क्रिस्टीन बेव्हरिज आणि व्हर्सायला कॅथरीन रामो यांच्या प्रयोगशाळांनी ही रोपं वर्षानुवर्षं कापून जोडली. पहिल्या क्रमांकाच्या रामोससचा शेंडा साध्या वाटाण्याच्या मुळावर चढवला की फुटवे थांबतात. म्हणजे मुळाकडून वर काहीतरी येतं, जे डोळ्यांना झोपवून ठेवतं. चौथ्या क्रमांकाच्या रामोससला चांगलं मूळ देऊनही उपयोग होत नाही. निरोप पोचतो, पण त्याला तो कळत नाही.

मग त्यांनी पहिल्या रामोससचाच शेंडा, त्याचंच मूळ आणि मध्ये साध्या वाटाण्याच्या खोडाचा एक छोटा तुकडा असं तिहेरी कलम केलं. फुटवे तेवढ्यानेही आवरले. म्हणजे ते द्रव्य मुळातच बनतं असं नाही, खोडातही बनतं आणि अगदी थोडं असलं तरी पुरतं. नंतर एकाच रामोसस मुळावर दोन शेंडे चढवले, एक साधा आणि एक रामोसस. साध्या शेंड्यामुळे शेजारच्याला काहीच फरक पडला नाही. निरोप वर जातो, खाली उतरून शेजारच्या फांदीत जात नाही. द्रव्याचं नाव माहीत नव्हतं, रेणू कुणी पाहिला नव्हता, पण त्याची वाट, दिशा आणि बनण्याच्या जागा एवढं सगळं नुसत्या पात्याने शोधून काढलेलं होतं.

नाव मिळालं २००८ मध्ये. वाटाण्यावर काम करणारा गट आणि भातावर काम करणारा जपानी गट, दोघेही एकाच वेळी स्ट्रायगोलॅक्टोनपाशी पोचले. हे नाव स्ट्रायगा या तणावरून आलं आहे. आपल्याकडे ज्वारीच्या आणि उसाच्या शेतकऱ्याला ते टारफुला म्हणून ठाऊक आहे, पिकाच्या मुळांना चिकटून रस शोषणारं. टारफुल्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ मूळ आल्याचा वास लागल्याखेरीज उगवत नाही. तो 'वास' म्हणजेच ही द्रव्यं. त्यांतलं पहिलं १९६६ साली कापसाच्या मुळांतून मिळालं होतं. पुढे हेही कळलं होतं की मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या उपकारक बुरशीला याच द्रव्यांनी बोलावणं जातं. तेच द्रव्य झाडाच्या आत फुटवे आवरतं, याची चाळीस वर्षं कुणाला कल्पना नव्हती.

पानांची गोष्टही अशीच दिसायला सोपी. वाटाण्याच्या पानाला खाली पर्णिका आणि टोकाला तणावे असतात. एका जनुकात बिघाड झाला की पर्णिकांच्या जागी तणावेच येतात, दुसऱ्यात झाला की तणाव्यांच्या जागी पर्णिका. दोन्ही बिघाड एकत्र आले तर पान पुन्हा पुन्हा विभागत बारीक बारीक पर्णिकांचा झुपका होतो. यातला पहिला, 'अफिला', आज जगभर शेतात आहे. नुसते तणावे असलेली रोपं एकमेकांत गुंततात, उभी राहतात, वाऱ्या-पावसात लोळत नाहीत आणि यंत्राने कापता येतात. पर्णिका गेल्या तरी देठाशी असलेली मोठी उपपर्णं अन्न बनवत राहतात.

एवढं असूनही वाटाणा मधल्या काळात मागे पडला, कारण त्याचा जीनोम अवाढव्य. गुणसूत्रांच्या जोड्या सातच, पण अक्षरं सुमारे साडेचार अब्ज, माणसाहूनही जास्त. त्यामुळे जनुकं वाचायच्या शर्यतीत जगाने अॅराबिडॉप्सिस ही इवलीशी वनस्पती निवडली. वाटाण्याचा जीनोम वाचून व्हायला २०१९ उजाडलं. २०२५ मध्ये नॉरिचचं जॉन इनेस सेंटर आणि चिनी सहकाऱ्यांनी जवळपास सातशे वाणांचे जीनोम पडताळून मेंडेलच्या सात गुणांपैकी उरलेल्या तिन्हींचाही उलगडा केला. त्यात फुलांच्या जागेचा गुणही आला. मेंडेलने शेंड्याला फुलांचा झुपका म्हणून नोंदवलेल्या त्या रोपाचं खोड मुळात टोकाशी रुंद आणि चपटं होतं. शेंड्यातल्या वाढत्या पेशींना मर्यादेत ठेवणाऱ्या संदेशव्यवस्थेतलं एक जनुक त्यात पाच अक्षरं गमावून बसलेलं असतं.

सगळ्यात जुना प्रश्न मात्र अजून पुरता मिटलेला नाही. शेंडा खुडला की फुटवे येतात, हे कुठलाही माळी सांगेल. पाठ्यपुस्तक म्हणतं, शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन हे वाढीचं द्रव्य तुटतं म्हणून डोळे जागे होतात. पण २०१४ मध्ये बेव्हरिज यांच्याच गटाने वाटाण्याच्या खोडावर पाहिलं, की कापलेल्या जागेपासून लांबचा डोळा फुगू लागतो तेव्हा तिथलं ऑक्सिन अजून कमीही झालेलं नसतं. त्याआधी तिथे पोचते ती साखर, शेंड्याचं तोंड बंद झाल्यामुळे खाली वळलेली. साखर डोळ्याला उठवते, स्ट्रायगोलॅक्टोन त्याला दाबतं आणि ऑक्सिन स्ट्रायगोलॅक्टोन बनवण्याला बळ देतं, इथवर जुळणी झाली आहे. या तिघांचा हिशेब एकाच डोळ्यात कसा लागतो, कोण पहिल्या तासाला बोलतं आणि कोण तिसऱ्या दिवशी, यावर काम चालू आहे.