परदेशदौरा आणि पायाची माती

भाताची झोडणी आटोपून कणगी भरली, की बिरवाडीच्या शेतकऱ्यास थोडी उसंत लाभते. पूर्वी या उसंतीत पंढरीची वारी घडे किंवा मुंबईस मुलाकडे एक फेरी होई. आता प्रवासाची कक्षा वाढली आहे. कोणाचा मुलगा आखातात नोकरीस आहे, तर कोणी कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यात नाव नोंदवून परदेशातील शेती पाहण्यास निघतो. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु परक्या देशाच्या वेशीवर दोन चौक्या असतात आणि तेथे काय विचारतात याची माहिती नसल्यामुळे जाणता शेतकरीही गोंधळतो.

पहिली चौकी इमिग्रेशनची. आपण कोण, कशासाठी आलात, कोठे उतरणार व केव्हा परतणार, एवढेच तेथे पाहिले जाते. यासाठी पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी. अनेक देश तशी अट घालतात. पासपोर्ट, व्हिसा व तिकीट या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच असावे. परतीचे तिकीट, उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता, दौऱ्याचे पत्र व विम्याचा कागद हातातील पिशवीत ठेवावा, मोठ्या सामानात नव्हे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा लागतो. इंग्रजी येत नसेल तर या गोष्टी इंग्रजीत लिहिलेला एक कागद जवळ असावा. उत्तर थोडके व खरे द्यावे: शेतकरी आहे, शेती पाहण्यास आलो आहे, अमुक दिवशी परत जाणार.

दुसरी चौकी सीमाशुल्काची, म्हणजे कस्टमची. येथे सामानाची चौकशी होते व शेतकऱ्याचा खरा संबंध या चौकीशीच येतो. ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्या प्रवाशास, गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा गुराढोरांत वावरलात काय, असे विचारले जाते. अमेरिकेतही शेत, गुरे व माती यांविषयी असाच प्रश्न असतो. भीतीपोटी ‘नाही’ म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘होय’ म्हणणाऱ्याचे जोडे फार तर तपासून व धुऊन घेतात. खोटे सांगणाऱ्यास मात्र दंड होतो आणि प्रसंगी व्हिसाही रद्द होतो.

या प्रश्नामागील कारण शेतकऱ्यास समजण्याजोगे आहे. जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे; ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर झालेला नाही. त्याचे विषाणू जोड्याला चिकटलेल्या शेणमातीतून जाऊ शकतात. साठवणीच्या धान्यातील खापरा किडा अन्नावाचून दीर्घकाळ जगतो. म्हणूनच अमेरिका प्रवाशाच्या सामानातील भारतीय तांदूळ स्वीकारीत नाही. तेव्हा खाचरात वापरलेल्या वहाणा घरीच ठेवाव्या. न्यावयाच्या जोड्यांचे तळवे ब्रशाने घासून, धुऊन कडक उन्हात वाळवावे. कपड्यांच्या घड्या व खिसे झाडून गवताचे बी राहिले नाही ना, हे पाहावे.

घरची माणसे प्रेमाने शिदोरी बांधून देतात. तीतही निवड हवी. युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून पेढे, खवा, तूप वगळावे. ताजा आंबाही तेथे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावाचून चालत नाही. दुबईकडे जाणाऱ्याने खसखस व विड्याची पाने मुळीच नेऊ नयेत. लाडवांत किंवा मसाल्यात घातलेली खसखससुद्धा अडचणीत आणते, कारण तेथे ती अमली पदार्थांत मोडते. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे तापून पेट घेण्याचा धोका असतो. ते विमानातून नेण्यास मनाई आहे. औषधे मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावी. जी वस्तू चालेल की नाही अशी शंका असेल, ती न लपवता अधिकाऱ्यास दाखवावी. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली सापडल्यास दंड होतो.

हे नियम कोकणच्या मुळावर आलेले नाहीत, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१३ मध्ये युरोपीय संघात भारतातून गेलेल्या फळे-भाजीपाल्याच्या २०७ खेपांत किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून हापूससह भारतीय आंब्यास तेथील दार बंद झाले. आपल्याकडील तपासणी सुधारल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये ते उघडण्याचा निर्णय झाला. काही खेपांतील फळमाशीचा भुर्दंड निर्दोष बागायतदारासही सोसावा लागला.

परतताना आपली पाळी असते. परदेशातील भरघोस कणीस पाहून मूठभर बी खिशात टाकावेसे वाटते. पण आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांवाचून बियाणे, कलमे किंवा रोपे आणणे कायद्याविरुद्ध आहे. मातीस तर मनाईच आहे. अमेरिका खंडातील गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली. त्यानंतर ते देशभर पसरले आणि आजही बांधाबांधावर उपटावे लागते. तसे नवे तण किंवा नवा रोग काळ नदीच्या खोऱ्यातील भातास लागला, तर आणणाऱ्याचे एकट्याचे नव्हे, साऱ्या शिवाराचे नुकसान होईल. चांगल्या वाणाचे नाव, लागवडीची रीत व अवजाराचे चित्र वहीत टिपून आणावे. त्यास कोणत्याही चौकीवर आडकाठी नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रवासाच्या महिनाभर आधी शेतकऱ्याच्या घरी बसून कागद, जोडे व शिदोरी या तीन गोष्टी एकदा पाहून घ्याव्या. दहावी न झालेल्या प्रवाशाच्या पासपोर्टवर नोकरीसाठी काही देशांत जाताना वेगळी मंजुरी लागते. केवळ भेटीसाठी किंवा दौऱ्यासाठी व्हिसा व परतीचे तिकीट असल्यास ती लागत नाही, हेही समजावून सांगावे. दलालाच्या तोंडी माहितीपेक्षा त्या देशाच्या वकिलातीने प्रसिद्ध केलेले नियम प्रमाण मानावे, कारण ते वेळोवेळी बदलतात.

आपल्या शेताच्या बांधावर परके ढोर आले, तर शेतकरी ते कोठून आले याची चौकशी करतोच. परदेशाच्या वेशीवरील अधिकारी तेच करीत असतो. त्यास खरे उत्तर देणारा शेतकरी त्याचेही शेत राखतो आणि आपलेही.