खोक्यातली दोन, लॅपटॉपमधलं एक

घाटकोपर स्टेशनबाहेरच्या टोपलीवाल्याकडून भाच्याच्या हट्टापायी रंगवलेली दोन पिल्लं घेतली, एक गुलाबी, एक हिरवं. मुलुंडला आणून खोक्यात, साठ वॉटच्या बल्बखाली ठेवली. पिल्लू माणसामागे चालतं, हे तो मला दाखवणार होता. लाल मग ओढत तो हॉलभर रांगला. पिल्लांनी ढुंकून पाहिलं नाही. मात्र गुलाबी उचललं, की हिरवं चिवचिवून घर डोक्यावर घेई.

उशीर झाला होता. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत समोर जे हलताना दिसेल, त्याचा पिल्लाच्या मनावर ठसा बसतो. या दोघांनी टोपलीतच एकमेकांना आई करून टाकलं होतं.

चिडून भाच्याने लॅपटॉप उघडला. ओ'रायली आणि जॉन्सन यांनी १९९४ साली मांडलेलं या ठशाचं मॉडेल त्याने लहान आकारात लिहिलं. पडद्यावर चौकटींची जाळी, त्यातून लाल मग डावीकडून उजवीकडे सरकतोय. पेटलेल्या चौकटी, म्हणजे पेशी, एकमेकींना पेटतं ठेवतात, त्यामुळे मग पुढच्या घरात गेला तरी मघाची पेशी अजून जागी असते. एकत्र पेटणाऱ्यांची जोडणी दर फेरीला घट्ट होत जाते, आणि जागा बदलली तरी जाळीला तो मग तोच वाटू लागतो.

शंभर फेऱ्यांनंतर निळा चेंडू दाखवला. रेंगाळत का होईना, जाळी चेंडूकडे वळली. मग मगाच्या फेऱ्या वाढवल्या. आता चेंडू कितीही नाचवा, ढिम्म!

"मावशी, दार बंद करणारं घड्याळ मी कुठेच लिहिलेलं नाही."

मी ओळन् ओळ पाहिली. खरंच नव्हतं. शिकण्यानेच दार लागलं होतं.

जन्मजात ओढ मात्र या जाळीत नाही. केंब्रिजमध्ये जॉन्सन आणि गॅब्रिएल हॉर्न यांनी अंधारात वाढवलेल्या पिल्लांपुढे लाल खोकं आणि भुसा भरलेली रानकोंबडी ठेवली, तर पिल्लांचा कल कोंबडीकडे. तिचे तुकडे उलटसुलट जोडले तरी चालतं, डोकं-मान तेवढी शाबूत हवी. आई कधी पाहिलीच नाही, तरी मानेची ओळख! मला तर ठशापेक्षा हेच जास्त चक्रावतं.

रात्री गुलाबी पिल्लू पुसायला नेलं आणि हिरव्याने आकांत मांडला. भाच्याने खोक्यात माझा हातआरसा उभा केला. हिरवं थबकलं, मान तिरकी करून पाहिलं, आणि काचेला अंग टेकून गप्प बसलं.