दुकानाची पायरी आणि पुलाखालचा माणूस

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिअ‍ॅटल नावाचे बंदर आहे. आपल्याकडील सुशिक्षित घरांत हे नाव आता मुंबई-पुण्याइतके नसले तरी बंगळूरइतके तरी परिचित झाले आहे. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन या दोन कंपन्यांच्या नोकरीनिमित्त कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणाचा जावई त्या परिसरात जाऊन स्थिरावलेला असतो. चतुर्थीला घरी आला की तो तेथील सरोवरांचे, बारमाही हिमाच्छादित रेनियर शिखराचे रसभरित वर्णन करतो. मात्र वडीलधाऱ्यांनी खोदून विचारले, तर थोड्याशा संकोचानेच आणखी एक गोष्ट सांगतो: भर शहरात, पुलांखाली आणि पदपथांवर, माणसे तंबू ठोकून राहतात. ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. कुबेराच्या त्या नगरीत माणसाला छप्पर मिळू नये?

ते खरे आहे. जानेवारी २०२४ मधील सरकारी गणनेत साऱ्या अमेरिकेत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. आधीच्या वर्षापेक्षा ही संख्या सुमारे १८ टक्क्यांनी अधिक होती. सिअ‍ॅटल ज्या किंग परगण्यात येते तेथे त्याच साली १६,८६८ माणसे बेघर मोजली गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कोणत्याही निवाऱ्याविना उघड्यावर होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये नगराध्यक्ष आणि परगण्याचे प्रमुख या दोघांनी या प्रश्नावर आणीबाणी पुकारली होती. त्यानंतर दहा वर्षे उलटली. आणीबाणी हाच तेथील नित्याचा शिरस्ता झाला.

परंतु आजचा आमचा विषय नुसती ही संख्या नव्हे. या संकटाचा भार शहरातील कोणत्या वस्तीने उचलायचा, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. सिअ‍ॅटलमध्ये तो भार फार मोठ्या प्रमाणात चायनाटाऊन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट आणि त्याला लागून असलेल्या लिटल सायगॉन या वस्त्यांवर येऊन पडला. किराणा, मासळी, औषधी मुळ्या, शिवणकाम, केशकर्तन, शेवयांच्या रश्शाची लहानलहान उपाहारगृहे, असा हा बाजार आहे. दुकान खाली, बिऱ्हाड वर किंवा जवळपास. गल्ल्यावर बाप, भटारखान्यात आई, शाळेतून आलेली मुलगी हिशेबाला. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारपेठेत ज्याचे बालपण गेले त्याला हे चित्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या वस्तीचा इतिहास म्हणजे हाकलले जाण्याचा इतिहास. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केले. त्यानंतर चारच वर्षांनी, फेब्रुवारी १८८६ मध्ये, सिअ‍ॅटलमधील जमावाने सुमारे ३५० चिन्यांना घराबाहेर काढून धक्क्यावर नेऊन उभे केले. त्यांतील बहुतेकांना पुढे शहर सोडावे लागले. पुढे चिनी पुन्हा आले, जपानी आले, फिलिपिनी आले. १९४२ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमाने जपानी वंशाच्या साऱ्या कुटुंबांना उचलून दूर आयडाहोच्या छावणीत कोंडण्यात आले. त्यांतील कित्येकांनी हाती नेता न येणारे सामान तेथील पनामा हॉटेलच्या तळघरात ठेवले. अनेकजण ते न्यायला परतलेच नाहीत. त्या पेट्या आजही तेथे जपून ठेवलेल्या आहेत. मग साठाच्या दशकात पाचव्या क्रमांकाचा महामार्ग वस्तीच्या छातीवरून गेला आणि तिचे दोन तुकडे झाले. सत्तरीत उशालाच एक प्रचंड क्रीडागार उभे राहिले. अलीकडच्या नव्या लोहमार्गाच्या आराखड्याने इतकी धास्ती निर्माण केली की २०२३ साली अमेरिकेतील वारसा-संरक्षक न्यासाने देशातील अकरा सर्वाधिक धोक्यातील स्थळांत या वस्तीची गणना केली.

लिटल सायगॉनची कथा त्यामानाने नवी. १९७५ साली सायगॉन पडले तेव्हा निर्वासितांना आपल्या प्रांतात घेण्यास कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी कुरकुर केली. वॉशिंग्टन राज्याचे राज्यपाल डॅन इव्हान्स यांनी मात्र त्यांना आपणहून बोलावून घेतले. त्या माणसांनी ऐंशीच्या दशकात बारावा रस्ता आणि जॅक्सन मार्ग यांच्या चौकाभोवती आपला बाजार उभा केला. ज्यांनी स्वतः निर्वासितांच्या छावणीत दिवस काढले, त्यांच्याच दुकानांच्या पायऱ्यांवर पुढे बेघरांनी पथाऱ्या पसरल्या.

आता त्या दुकानदाराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. सकाळी येऊन शटर वर करावे तो पायरीवर कोणी झोपलेला, शेजारी जळालेल्या पत्र्याचे तुकडे आणि मलमूत्र. आधी पाण्याच्या बादल्या, मग धंदा. महिन्यातून एकदा काच फुटायची. विम्याकडे जावे तर हप्ता वाढतो, न जावे तर भुर्दंड खिशाला. चौकात चोरीचा माल उघडपणे विकला जातो आणि फेंटानिल नावाचे जहर धुराच्या रूपाने हुंगले जाते. किंग परगण्यात २०२३ या एका वर्षात अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने १,३०० हून अधिक माणसे मेली. संध्याकाळी भाजी न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या भीतीने येईनाशा होतात. पोलिसांना दूरध्वनी करावा तर पलीकडचा माणूस इंग्रजीत भराभर विचारतो आणि उत्तर देईपर्यंत चोर दोन चौक ओलांडून गेलेला असतो. १९८१ पासून चाललेले ‘व्हिएट-वाह’ हे त्या चौकाजवळचे नामांकित किराणा-भांडार २०२२ साली बंद झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन दिवसांच्या आत या भागात अनेकांना भोसकण्यात आले.

या दुकानदाराने तक्रार केली की शहराच्या सुखवस्तू टेकड्यांवर राहणारा सहृदय समाज त्याला निर्दय ठरवतो. हा आरोप आम्हांस मान्य नाही. करुणा करणे सोपे असते, ती आपल्या पायरीपासून दूर घडत असेल तर फारच सोपे असते. २०२२ साली परगण्याने या वस्तीलगत असलेल्या निवाऱ्याचा विस्तार करून सुमारे ५०० माणसांची सोय करण्याची योजना आखली. ज्यांच्या शेजारी हे घडणार त्यांना विचारण्याची तसदी आधी कोणी घेतली नाही. आजीआजोबा फलक घेऊन सभागृहात येऊन बसले, आणि ऑक्टोबरमध्ये योजना गुंडाळावी लागली. दुकानदार जिंकले. पण ज्या शेकडो माणसांना तेथे खाट मिळाली असती ती त्या हिवाळ्यात कोठे निजली असतील? काही तरी निश्चितच याच पायऱ्यांवर. विश्वासात न घेता लादलेल्या परोपकाराचा शेवट असा होतो की परोपकारही होत नाही आणि शेजाऱ्याचे मनही विटते.

या वस्तीत डॉनी चिन नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याच्या वडिलांचे तेथे दुकान होते. १९६८ साली, अगदी कोवळ्या वयात, त्याने स्वतःचे आपत्ती-साहाय्य केंद्र उभारले. कारण रुग्णवाहिका आणि पोलीस या वस्तीत वेळेवर येत नाहीत हा सर्वांचा अनुभव होता. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे प्रथमोपचाराची पिशवी खांद्याला अडकवून तो रात्री-बेरात्री गल्ल्यांतून फिरला. घसरून पडलेली आजी असो वा पुलाखालचा दारुडा, त्याच्यापुढे भेद नव्हता. बहुतेकांना तो नावानिशी ओळखत असे. २३ जुलै २०१५ च्या पहाटे दोन टोळ्यांच्या गोळीबारात सापडून तो मारला गेला. कित्येक वर्षे त्या खुनाचा छडा लागला नाही. दुकानदाराची सुरक्षितता आणि बेघराविषयीची कणव या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे जे म्हणतात, त्यांनी या एका माणसाचे चरित्र पाहावे.

मग राज्यकर्त्यांनी काय केले? हटवाहटवी. महामार्गाखालच्या उतारावर ‘जंगल’ नावाने कुप्रसिद्ध झालेली तंबूंची वसाहत होती. जानेवारी २०१६ मध्ये तेथे गोळीबार होऊन दोघे मेले, ऑक्टोबरमध्ये ती उठवण्यात आली आणि माणसे आजूबाजूच्या रस्त्यांवर पांगली. २०२२ च्या प्रारंभी पोलिसांनी बाराव्या रस्त्याचा चौक मोकळा केला. गर्दी दुसरीकडे सरकली आणि काही महिन्यांत परतली. प्रत्येक हटवणुकीत त्या माणसाचे पांघरूण, औषधे, ओळखपत्र कचऱ्याच्या गाडीत जाते, आणि ओळखपत्रावाचून ना घर मिळते ना नोकरी. ज्या वस्तीने १९४२ च्या पेट्या इतक्या निष्ठेने जपल्या तिच्याच रस्त्यावर हे घडते.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने अमली द्रव्यांच्या आरोपींना ठरावीक भागांत पाऊल ठेवण्यास न्यायालयाने मनाई करावी असा नियम केला. आपल्या भाषेत ही तडीपारी. गोमंतकीयाला हा शब्द नुसता कायद्याच्या पुस्तकातील वाटत नाही; १९४६ साली डॉ. लोहियांना सीमेपार घालवणारी आणि टी. बी. कुन्यांना पोर्तुगालच्या पेनिशी किल्ल्यात डांबणारी राजवट आपण पाहिली आहे. तो राजद्रोहाचा काळ आणि हा नशेचा बाजार यांची तुलना होत नाही, हे आम्ही जाणतो. चौकातला जहर विकणारा दलाल तुरुंगातच हवा. परंतु ज्याला घरच नाही त्याला तडीपार करायचे म्हणजे कोठून कोठे?

त्याच वर्षी २८ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला की, निवारा उपलब्ध नसला तरी उघड्यावर झोपणाऱ्यास दंड करण्यास घटनेची आडकाठी नाही. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तंबू उठवण्याला आणि बेघर मनोरुग्णांना सक्तीने इस्पितळात ठेवण्याला उत्तेजन देणारा आदेश काढला. हे वाचताना आम्हांला आपल्याच देशातील एका निकालाची आठवण होते. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात अंतुले सरकारने मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या उठवायला घेतल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. मात्र तत्त्व मान्य करूनही, रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवण्याची मुभा त्याच निकालाने पालिकेला दिली. तेव्हा वॉशिंग्टनकडे बोट दाखवताना थोडे सावकाश दाखवावे.

खरे कारण निराळेच आहे आणि ते घरभाड्यात दडले आहे. एकेकाळी या वस्तीत एकेका खोलीची स्वस्त हॉटेले होती. कॅनरीत मासळी भरणारा फिलिपिनी, बोटीवरून उतरलेला खलाशी, म्हातारा सडा चिनी यांना तेथे अल्प दरात खाट मिळे. मुंबईत गोव्याच्या खलाशांची कुडे आणि गिरगावातील चाळींच्या खोल्या जे काम करीत, तेच ही हॉटेले करीत. मार्च १९७० मध्ये शहरातील ओझार्क हॉटेलला आग लागून सुमारे वीस माणसे दगावली. नगरपालिकेने अग्निसुरक्षेचे कडक नियम केले. नियम योग्यच होते. पण ते पाळण्याइतका पैसा मालकांपाशी नव्हता आणि सरकारने तो दिला नाही. हजारो खोल्यांना टाळी लागली. पुढे संगणकाच्या धंद्याने शहरात लक्ष्मी नांदू लागली, गलेलठ्ठ पगारदार आले, भाडी आकाशाला भिडली आणि तळची माणसे रस्त्यावर सांडली. त्या पगारदारांत आपलीही मुले आहेत. त्यांचा यात काही अपराध नाही, पण संबंध नाही असेही म्हणता यायचे नाही.

छप्पर दिल्याने काय होते हेही याच शहराने दाखवून दिले आहे. २००५ साली तेथे जुनाट मद्यपी बेघरांसाठी ७५ खोल्यांची इमारत उघडली. दारू सोडण्याची अट नव्हती. मोठा गहजब झाला. २००९ साली अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध झाला: या माणसांवर इस्पितळे आणि तुरुंग यांत होणारा सरकारी खर्च लक्षणीय घटला, आणि पिणेही काळाच्या ओघात कमी झाले. अशा इमारती शहराच्या सर्व भागांत विखरून बांधल्या, तर कोणा एकाच बाजाराच्या पायरीवर सारे ओझे पडत नाही. नेमके हेच टेकड्यांवरच्या सहृदयांना रुचत नाही.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांतून दर लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा असावा असे बजावले होते. मडगावच्या रेल्वे स्थानकाबाहेर, पणजीच्या बाजाराच्या ओसरीला, वास्कोच्या फलाटावर रात्री अकरानंतर एक फेरी मारणाऱ्याला निजलेली माणसे दिसतात. त्यांच्या बोलीवरून आपण चटकन त्यांना ‘भायले’ ठरवून मोकळे होतो. सकाळी दुकान उघडायला येणारा व्यापारीही पुष्कळदा दुसऱ्या प्रांतातून आलेला असतो आणि पालिकेला नेमाने सोपो भरत असतो. त्या व्यापाऱ्याची पायरी स्वच्छ हवी आणि त्या निजलेल्या माणसाला खाट हवी, या दोन्ही गोष्टी त्या सोप्याच्या पैशातून करावयाच्या असतात. आमच्या नगरपालिकांनी पुढील अर्थसंकल्प मांडताना आपल्या हद्दीत अशा किती खाटा आहेत, कोणत्या वॉर्डात आहेत आणि रात्री त्यांचे दार उघडे असते की नाही, एवढा तपशील छापावा.