तंजाचा मुसाफिर, देवगिरीचा बाजार

रमजानचे रोजे फर्ज आहेत. पण आजारी माणसाला आणि मुसाफिराला त्यातून सवलत आहे. सुटलेले रोजे त्याने नंतर सवडीने पूर्ण करायचे. प्रवासात माणसाचे हाल होतात, हे धर्माने आधीच ओळखले आहे. रोजेदाराला इफ्तार घडवणे हे सवाबाचे काम; तो परगावचा मुसाफिर असेल तर त्याचे मोल आणखी मोठे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी एका तरुण मुसाफिराने हे अनुभवले. पुढे तो आपल्या मराठवाड्यातही येऊन गेला. त्याचे नाव इब्न बतूता.

दोन समुद्रांच्या काठी

त्याचे गाव टँजिअर, अरबीत तंजा. मोरोक्को देशाच्या उत्तर टोकाला, जिथे भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर भेटतात, तिथे हे बंदर आहे. मधल्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीची रुंदी अगदी चिंचोळ्या जागी जेमतेम 14 किलोमीटर. हवा स्वच्छ असली की पलीकडचा स्पेनचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फेरीबोटीने साधारण तासाभरात युरोप गाठता येतो. 1924 ते 1956 या काळात अनेक देशांनी मिळून या शहराचा कारभार चालवला होता.

आज तिथे जाणारा पर्यटक टेकडीवरचा किल्ला, म्हणजे कसबा पाहतो. खाली मदिना, म्हणजे तटबंदीतले जुने शहर, त्याच्या चढउताराच्या गल्ल्यांतून हिंडतो. शहराबाहेर स्पार्टेलच्या टोकावर 1864 सालचे दीपगृह आहे. जवळच हर्क्युलिसची गुहा आहे. तिचे समुद्राकडचे तोंड आफ्रिकेच्या नकाशासारखे दिसते, म्हणून तिथे फोटोसाठी गर्दी असते. मदिनेच्या एका गल्लीत छोटीशी कबर आहे. ती इब्न बतूताची असल्याचे सांगतात. अभ्यासकांना मात्र तशी खात्री नाही. विमानतळाला त्याचेच नाव दिले आहे.

रमजानमध्ये तिथल्या घरांत खजूर आणि हरीरा यांनी रोजा सुटतो. हरीरा म्हटले की आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला देतात ते गोड पेय आठवते. तिथला हरीरा वेगळा. मसूर, हरभरे आणि टोमॅटोचे ते दाट सूप असते. मोरोक्कोच्या जुन्या शहरांत सहेरीच्या वेळी लांब तुतारी फुंकत लोकांना जागवण्याची रीतही आहे.

दमास्कसचा इफ्तार

इब्न बतूताचा जन्म 1304 सालचा. 1325 च्या जूनमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजसाठी एकटाच घरातून निघाला. पुढच्या वर्षीच्या रमजानमध्ये तो दमास्कसला पोहोचला. तिथली एक चाल त्याने आवर्जून नोंदवली आहे: रमजानच्या रात्री त्या शहरात कोणी एकट्याने रोजा सोडत नाही. अमीर आणि व्यापारी आपल्या ओळखीच्यांना व गरिबांना बोलावतात. गरीब लोक कोणाच्या तरी घरी किंवा मशिदीत जमतात. ज्याच्याकडे जे असेल ते तो आणतो आणि सगळे मिळून खातात.

त्याला स्वतःला नूरुद्दीन सखावी नावाच्या विद्वान शिक्षकांनी इफ्तारला बोलावले. चार रात्री तो गेला, मग तापाने पडला. शिक्षकांनी त्याला घरी आणवले, हे आपलेच घर समज म्हणाले, हकीम बोलावला. ईद होईपर्यंत तो तिथेच राहिला. जवळचे पैसे संपले होते, तेव्हा वाटखर्चही त्यांनीच दिला.

देवगिरीत काय पाहिले?

पुढे तो दिल्लीला आला आणि मुहम्मद तुघलकाच्या दरबारात काझी झाला. 1342 मध्ये सुलतानाने त्याला चीनला वकील म्हणून पाठवले. त्या वाटेवर दौलताबाद, म्हणजे आपली देवगिरी लागली. परभणीकर ज्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जातात, तिचे नाव याच किल्ल्याचे. सेलू, परतूर, जालना मागे टाकून छत्रपती संभाजीनगरच्या पुढे गेले की तो डोंगर दिसतो.

आज लांबूनच लक्ष वेधणारा चांद मिनार त्याने पाहिला नाही. तो पुढे बहमनी काळात उभा राहिला. त्याने नोंदवली ती किल्ल्यावर चढायची चामड्याची शिडी. रात्री ती वर ओढून घेत. किल्ल्याच्या कैदखान्यातले उंदीर मांजराहून मोठे असल्याची ऐकीव गोष्टही त्याने लिहिली. वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबे त्याला आवडली.

पण सर्वांत सुंदर वर्णन आहे ते गायक-गायिकांच्या बाजाराचे. त्याचे नाव तरबाबाद. दुकानांत गालिचे, मध्ये झोपाळा आणि त्यावर नटूनथटून बसलेली गायिका. बाजाराच्या मधोमध मोठा घुमटाचा मंडप. दर गुरुवारी असरच्या नमाजनंतर गवयांचा प्रमुख तिथे येऊन बसे आणि मगरिबपर्यंत एकामागून एक गाणी होत. तो सांगतो, याच बाजारात मशिदी आहेत आणि रमजानमध्ये तिथे तरावीहची नमाज होते. एक हिंदू राजा इथून जाताना मंडपात थांबून गाणे ऐकत असे आणि एका मुसलमान सुलतानानेही तसेच केले, अशीही नोंद आहे. गाणे आणि तरावीह एकाच बाजारात पाहून या काझीने नाक मुरडले नाही.

शेजाऱ्याच्या घरात डोकावताना

तिथून तो नंदुरबारला गेला. तिथल्या मराठ्यांविषयी तो लिहितो: हे लोक कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात तरबेज आहेत. भात, भाजी आणि तिळाचे तेल हे त्यांचे खाणे. जीवहत्या त्यांना आवडत नाही. ते दारू पीत नाहीत. जेवणाआधी अंघोळ करतात, आणि ती कशी, तर आपण गुस्ल करतो तशी. शेजाऱ्याचे सोवळे त्याने आपल्या घरच्या शब्दात समजून घेतले.

सात पिढ्यांच्या आत हे लोक लग्न करत नाहीत, असेही तो म्हणतो. मामाची मुलगी करणाऱ्या मराठी मुलखाला हे वाचून हसू येईल. सांगणाऱ्याने पाहुण्याला बहुधा शास्त्र सांगितले, वहिवाट सांगायची राहिली.

इब्न बतूता काही संत नव्हता. परधर्मीयांविषयीचे त्या काळातले कडवट शब्द त्याच्याही लिखाणात आहेत आणि त्याच्या पदरी गुलाम होते. प्रवासाची किंमतही त्याने मोजली. 24 वर्षांनी, 1349 मध्ये, तो मोरोक्कोला परतला तेव्हा आई काही महिन्यांपूर्वीच प्लेगने वारली होती. तंजाला जाऊन त्याने तिच्या कबरीचे दर्शन घेतले. पुढे 1355 मध्ये, मोरोक्कोच्या सुलतानाच्या हुकमावरून, त्याचे प्रवासवर्णन लिहून पूर्ण झाले. त्याने ते आठवणीतून सांगितले. तेरा वर्षांनंतरही देवगिरीचा झोपाळा आणि नंदुरबारची अंघोळ तो विसरला नव्हता.

किल्ले आणि मिनार पाहायला तिकीट पुरते. लोक काय खातात, कधी न्हातात, रोजा कुठे सोडतात, हे कळायला मात्र कोणीतरी घरात घ्यावे लागते आणि आपणही विचारावे लागते. एकाच गल्लीत वर्षानुवर्षे राहूनही आपण ते विचारत नाही. रमजानचे अजून काही रोजे बाकी आहेत. मगरिबच्या थोडे आधी शेजाऱ्याचे दार वाजवा. नमाज होईपर्यंत बसा आणि तरावीह म्हणजे काय, तेही विचारा. ईदनंतर मुलांना देवगिरी दाखवायला न्याल, तेव्हा तरबाबादची गोष्ट सांगायला विसरू नका.