कॅपॅसिटर काही रुपयांचा, पॅनल मात्र अख्खा बदला म्हणे!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरीच विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित अवतार. बोलतानाचे 'अं', 'हं' काढून टाकलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे स्पोर्ट्स कार. पण टॉप स्पीड, शून्य ते शंभर वगैरे आज काही नाही. अशी गाडी वीस-तीस वर्षांची झाली, तिचा एखादा महागडा भाग बंद पडला आणि समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "पूर्ण युनिट बदलावं लागेल", तर त्या वाक्यावर किती विश्वास ठेवायचा, हा आजचा प्रश्न. आपल्यापैकी बहुतेकांकडे स्पोर्ट्स कार नाही. माझ्याकडे तर अजिबात नाही. पण हेच वाक्य तुम्ही फोनच्या, वॉशिंग मशीनच्या आणि बाबांच्या साध्या हॅचबॅकच्या बाबतीतही ऐकलेलं असणार. स्पोर्ट्स कारमध्ये बिलाचे आकडे मोठे असतात, म्हणून हिशेब जास्त स्पष्ट दिसतो, एवढंच.

आधी एक गोष्ट पक्की करू. गाडीत 'पार्ट' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक अर्थ कंपनीच्या कॅटलॉगमधला: ज्याला पार्ट नंबर आहे, जो खोक्यात घालून विकला जातो तो. दुसरा अर्थ म्हणजे खरोखर बिघडलेली वस्तू. हे दोन्ही एकच असतील असं नाही. कॅटलॉगमध्ये 'एसी कंट्रोल पॅनल' हा एक पार्ट असतो. त्याच्या आत एक सर्किट बोर्ड, त्यावर शंभरेक बारीक घटक, आणि बिघडलेले असतात त्यातले तीन-चार. कंपनी ते तीन-चार विकत नाही, पॅनल विकते. सगळा खेळ या फरकात आहे.

उदाहरण घेऊ होंडा एनएसएक्सचं. १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये ही गाडी जगाला दिसली, १९९० पासून विक्री सुरू झाली आणि २००५ पर्यंत ती बनत राहिली. ॲल्युमिनियमची बॉडी, ड्रायव्हरच्या मागे व्ही-सिक्स इंजिन, आणि तयार होत असताना खुद्द आयर्टन सेन्नाने सुझुकाच्या ट्रॅकवर चालवून सूचना केलेल्या. फेरारीशी टक्कर, पण रोज ऑफिसला नेता येईल अशी, ही तिची ख्याती. इंजिन तर दगडासारखं मजबूत.

आणि अशा गाडीत हमखास बिघडणारी गोष्ट कोणती? एसीचा कंट्रोल पॅनल! पंख्याचा वेग मनासारखा बदलत नाही, हवा भलत्याच झडपेतून येते, तापमान स्वतःच्या मर्जीने चालतं. तीच कथा दारातल्या बोस स्पीकरची. आधी खरखर, मग फटफट आवाज, मग शांतता. यात स्पीकरचा कागदी कोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. प्रत्येक स्पीकरला स्वतःचा छोटा ॲम्प्लिफायर जोडलेला आहे, मरतो तो.

दोन्हीकडे गुन्हेगार एकच: इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. थोडक्यात सांगतो, बीटेकच्या दुसऱ्या वर्षाची उजळणी समजा. कॅपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी जशी पाण्याचा दाब एकसारखा ठेवते, तसा हा व्होल्टेजचे चढउतार सपाट करतो. या प्रकारच्या कॅपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते, आणि ती एका द्रवात भिजवलेली असते. खाली रबराचं बूच. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानी उत्पादकांनी या द्रवात एक नवीन प्रकारचे क्षार वापरले, क्वाटर्नरी अमोनियम क्षार. कागदावर कामगिरी उत्तम. पण ऋण टोकापाशी त्यातून अल्कली तयार व्हायची आणि ती हळूहळू रबराचं बूच आणि त्यातून जाणारी तार यांच्यामधली सील खायची. मग द्रव बाहेर झिरपून बोर्डावर पसरायचा. हा एकट्या एनएसएक्सचा भोग नाही. मित्सुबिशीच्या त्याच काळातल्या इक्लिप्स आणि ३०००जीटी या गाड्यांच्या इंजिन कॉम्प्युटरमध्येही हीच गळती झाली. तिथे तर गाडीच सुरू होत नाही.

दुरुस्ती कशी करतात? पॅनल काढायचा, बोर्ड उघडायचा. कॅपॅसिटरच्या पायांपाशी तांबं काळपट किंवा हिरवट दिसतं. सोल्डरिंग गन लावली की मासळीसारखा वास येतो. अतिशयोक्ती नाही, सुकटीच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. त्या वासावरूनच कारागीर म्हणतो, सापडला. जुने कॅपॅसिटर जपून उतरवायचे. पिळून उपटले तर खालची तांब्याची चकती त्यांच्याबरोबर निघून येते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून स्वच्छ करायचा आणि मल्टिमीटर लावून प्रत्येक वाट तपासायची. तांबं जिथे तुटलंय तिथे केसाएवढ्या तारेने डाग द्यायचा. शेवटी त्याच मूल्याचे, १०५ अंश सेल्सिअसवर चालणारे नवे कॅपॅसिटर बसवायचे, प्लस-मायनस नीट बघून. सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. एकेक कॅपॅसिटर काही रुपयांचा. खरी किंमत आहे ती बसून शोधणाऱ्या माणसाच्या दोन-चार तासांची.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा मुद्दा. समजा मालक म्हणाला, "मला जोखीम नको, मी नवीनच घेतो." नवीन कुठून आणणार? एकतर गोदामात पडून असलेला, कधीच न वापरलेला जुना साठा. किंवा भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा पॅनल. पण त्या दोन्हीच्या पोटात त्याच काळातले तेच कॅपॅसिटर आहेत! ही गळती वापरामुळे कमी आणि वयामुळे जास्त होते. खोक्याचं सील न तोडलेला पॅनलसुद्धा आतून ओला असू शकतो. म्हणजे पुष्कळ पैसे देऊन मालक तोच आजार, थोडा अलीकडच्या टप्प्यावरचा, विकत घेतो. इथे दुरुस्त केलेला जुना बोर्ड हा 'नव्या' बोर्डापेक्षा चांगला ठरतो, कारण त्यातलं मूळ कारण गेलेलं असतं. आणि एक घाई आहे. द्रव जितका जास्त काळ बोर्डावर राहील तितकं तांबं खाल्लं जातं. पहिली खरखर ऐकू आल्यावर उघडलेला बोर्ड वाचतो. पाच वर्षं चालढकल केलेला वाचेलच असं नाही.

मग शोरूमवाले असं का करत नाहीत? लगेच चोर ठरवू नका. त्यांच्या मेकॅनिकला बोर्ड वाचायचं शिक्षण दिलेलं नसतं, तासाचा दर मोठा असतो, आणि दुरुस्त केलेल्या वस्तूची वॉरंटी कोण देणार हा प्रश्न असतो. खोकं बदललं की काम वीस मिनिटांत संपतं, आणि चुकलंच तर जबाबदारी खोकं बनवणाऱ्याची. आमच्या क्षेत्रात सर्व्हर अडकला की लोक रीस्टार्ट करून मोकळे होतात, बग शोधत बसत नाहीत. तसंच आहे ते. त्यांच्या बाजूने ते शहाणपणाचंच आहे. फक्त तो त्यांचा हिशेब आहे, तुमचा नव्हे.

इलेक्ट्रॉनिक्स सोडून लोखंडाकडे येऊ. म्हणजे ॲल्युमिनियमकडे. पोर्शे ९११ च्या ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ पिढीत, म्हणजे साधारण १९९८ ते २००८ च्या गाड्यांत, एक कुप्रसिद्ध दुखणं आहे: सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. इंजिन गरम झालं की टिकटिक, ऑइल जास्त पिणं, आणि एका बाजूच्या सायलेन्सरच्या टोकाला काळी काजळी. जुन्या एअर-कूल्ड ९११ मध्ये प्रत्येक सिलिंडर सुटा काढता यायचा. या नव्या इंजिनांत एका बाजूचे तीनही सिलिंडर क्रँककेसच्या त्या अर्ध्या भागातच ओतलेले आहेत. त्यामुळे एका सिलिंडरवर ओरखडा आला तरी कॅटलॉगच्या भाषेत उत्तर एकच, नवीन इंजिन.

पण आपल्याकडे ट्रॅक्टरचा आणि ट्रकचा ब्लॉक बोअर करून स्लीव्ह बसवणारे कारागीर एमआयडीसीत पिढ्यान् पिढ्या आहेत. तत्त्व तेच. खराब झालेली भिंत मशीनवर कोरून काढायची आणि तिथे नवी स्लीव्ह बसवायची, तिच्यावर निकासिलचा मुलामा. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला हा लेप जर्मनीच्या माले कंपनीने १९६० च्या दशकात काढला, आणि १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएसच्या सिलिंडरला पोर्शेने स्वतःच तो वापरला होता. म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतली खासगी वर्कशॉप्स पोर्शेचीच जुनी विद्या पोर्शेच्या नव्या इंजिनात घालतात. काम स्वस्त नाही, इंजिन पूर्ण खोलावं लागतं. पण क्रँकशाफ्ट, हेड, केसिंग ही सगळी महागडी, धडधाकट मंडळी वाचतात, आणि सिलिंडर मूळपेक्षा टणक होतो.

इथे एक धोक्याची घंटा. टिकटिक इतर कारणांनीही होते, उदाहरणार्थ व्हॉल्व्हचा हायड्रॉलिक टॅपेट. म्हणून इंजिन खोलण्याआधी बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत घालून बघतात. स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरचा खालचा भाग नीट दिसत नाही आणि ओरखडे बऱ्याचदा तिथेच असतात. म्हणून जाणकार माणूस ऑइल चेंबर उतरवून खालूनही बघतो. कॅमेऱ्याचा फोटो न दाखवता कोणी "इंजिन गेलं" म्हणालं, तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

मी दुरुस्तीचा भक्त आहे, पण आंधळा नाही. एअरबॅग, सीटबेल्टचा प्रीटेन्शनर, तडा गेलेली अलॉय रिम, वाकलेला सस्पेन्शन आर्म, ब्रेकचा फुगलेला होज: इथे नवीनच, आणि खात्रीच्या दुकानातून. साधी कसोटी सांगतो. दुरुस्ती फसली तर काय होईल? एसी बंद पडला तर घाम येईल. रिम तुटली तर बोलायला नको. ॲलॉयचा तडा वेल्डिंगने बुजवून, रंग मारून, पॉलिश करून विकतात, तो तुमच्या डोळ्यांना दिसणारही नाही.

आता माझ्या धंद्याचा भाग, सॉफ्टवेअर. नवीन गाड्यांत अनेक कंट्रोल युनिट त्या एका गाडीशी बांधलेली असतात. दुसऱ्या गाडीचं युनिट आणून लावलं तर गाडी त्याला ओळखतच नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून कोडिंग करावं लागतं. म्हणून मूळ युनिटच दुरुस्त करण्याला आणखी किंमत येते: त्याची मेमरी, त्याची ओळख तशीच राहते. आणि दुरुस्तीची हत्यारं म्हणजे फक्त पाने नव्हेत हे ज्याला पटत नाही, त्याने मॅकलॅरन एफ-वन बघावी. सगळ्या मिळून १०६ गाड्या, आणि त्यांच्या सर्व्हिसिंगसाठी कंपनीला १९९० च्या दशकातला कॉम्पॅक एलटीई ५२८० हा लॅपटॉप लागायचा, कारण गाडीशी बोलणारं खास कार्ड त्याच मशीनवर चालायचं. २०१६ मध्ये ही गोष्ट बाहेर आली, तेव्हा गाडीची किंमत कोट्यवधी आणि लॅपटॉप भंगारवाल्याकडचा.

आपल्याकडेही या प्रश्नावर निकाल झालाय. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका असा की अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू देत नाहीत. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर गाड्याही आहेत. नाक्यावरच्या गॅरेजवाल्या दादांच्या हातात स्कॅनर, सर्किट डायग्राम आणि सुटा भाग पोचतो की नाही, यावर दुरुस्ती हा पर्याय तुम्हाला उरतो की नाही हे ठरतं.

तर पुढच्या वेळी "युनिट गेलं" ऐकलंत की तीन गोष्टी विचारा. युनिटमधलं नक्की काय गेलं? ते कसं तपासलं? आणि जुना पार्ट मला परत मिळेल का? तिसरा प्रश्न विसरू नका. बदललेला पार्ट तुमचा असतो, तो घरी न्या. एखाद्या बोर्डवाल्याने उघडून बघितला, वास मासळीचा आला, तर तुमच्याकडे एक चालणारं स्पेअर आहे.

एनएसएक्सच्या ॲम्प्लिफायरसारखा एखादा बोर्ड तुमच्याकडे पडून असेल तर फोटो पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये मल्टिमीटर घेऊन बसणार आहे. भेटू!