मेश्राम : एक आडनाव, अनेक समाज, चार राज्ये

गोमंतकात नव्या माणसाचे आडनाव कळले की त्याचा मूळ गाव बहुधा उलगडतो. पेडणेकर, मडकईकर, कुंकळ्येकर ही आडनावे गावाचा पत्ता सोबत घेऊनच येतात. ‘नाईक’ मात्र या हिशेबात बसत नाही. सारस्वतांत नाईक आहेत, भंडारी समाजात आहेत आणि नाईक मराठा समाजातही आहेत. आडनाव ऐकून जात ओळखण्याची सवय ‘नाईक’पाशी येऊन थांबते, हे गोमंतकीयांना सांगावे लागत नाही.

गोव्याच्या ईशान्येस सुमारे हजार किलोमीटरवर, मराठी मुलखाच्या अगदी टोकाशी, अशाच प्रकारचे दुसरे एक आडनाव आहे. ते म्हणजे मेश्राम. विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला हे आडनाव साहित्य आणि सामाजिक चळवळीतून परिचित आहे. दलित साहित्यातील कवी, कथाकार आणि समीक्षक केशव मेश्राम यांच्यामुळे ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. त्यामुळे हे आडनाव म्हणजे विदर्भातील बौद्ध समाजाचे, असा समज पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणपट्टीत सर्रास आढळतो. तो समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा माग काढायचा तर वैनगंगेच्या खोऱ्यात जावे लागते.

लामत्याच्या वाटेवर

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, गोंदियाहून बालाघाट आणि नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या लोहमार्गावर लामता हे गाव आहे. हा लोहमार्ग पूर्वी अरुंद होता, आता तो रुंद झाला आहे. जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी येथील बोलण्यात हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी या भाषा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. हे मिश्रण आडनावांतही दिसते. बिसेन, पटले, कटरे, राहांगडाले ही पोवार समाजाची आडनावे. मरावी, उइके, धुर्वे, मरकाम ही गोंडांची. या जिल्ह्यात मेश्राम म्हणवणारी कुटुंबे गोंडांत जशी आहेत, तशीच बौद्धांतही आहेत.

या सरमिसळीला इतिहास आहे. बालाघाट जिल्हा १८६७ नंतर भंडारा, शिवनी आणि मंडला या तीन जिल्ह्यांचे भाग जोडून तयार करण्यात आला. त्याच्या वरच्या अंगाचे पठार त्या काळी बव्हंशी जंगलाने व्यापलेले होते. परसवाडा पठारावर लछमन नाईक यांनी पहिली गावे वसवली. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी बैहर भागात पोवार शेतकऱ्यांना आणून वसवले. मूळचे गोंड, खालच्या सपाटीवरून वर आलेले शेतकरी आणि गावकामगार असे वेगवेगळे समाज एकाच शिवारात राहू लागले.

आधी कूळ, मग आडनाव

मेश्राम या नावाची मूळ ओळख गोंडी कूळव्यवस्थेत आहे. मरकाम, टेकाम, नेताम, आत्राम, गेडाम, सिडाम, कुसराम, मेश्राम या नावांचा शेवट पाहिला तरी त्यांचे एकमेकांशी असलेले नाते कानाला जाणवते. काहींचे अर्थ आजही गोंडी भाषेत जिवंत आहेत. ‘मरका’ म्हणजे आंबा, म्हणून मरकाम. ‘टेका’ म्हणजे साग, म्हणून टेकाम. त्या त्या कुळाने त्या त्या झाडाचा मान राखायचा, असा संकेत आहे.

मराठी कानाला मात्र ‘मेश्राम’ आणि ‘आत्राम’ यांच्या शेवटी ‘राम’ ऐकू येतो. हा केवळ ध्वनीचा भास आहे. तेलंगणात हेच कूळ ‘मेसराम’ असे उच्चारले आणि लिहिले जाते. मराठी आणि हिंदी लेखणीत ‘स’चा ‘श’ झाला, ‘श्र’ हे जोडाक्षर आले आणि गोंडी नावाला संस्कृत वळण मिळाले. गोंडांच्या दुसऱ्या एका कुळाची गतही अशीच झाली. गडचिरोलीत जे मडावी, तेच मंडला-बालाघाटात मरावी. गोंडी उच्चारातला एकच ध्वनी मराठी लेखणीने ‘ड’ म्हणून उतरवला, तर हिंदी लेखणीने ‘र’ म्हणून.

कुळाच्या नावाचे मुख्य काम सोयरीक ठरवण्याचे आहे. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात. आदिलाबादच्या राजगोंडांत या गटांना ‘सगा’ म्हणतात आणि गोंडी संख्यांवरून त्यांची नावे पडली आहेत. एका गटातील सगळी कुळे परस्परांची भाऊबंद मानली जातात, त्यामुळे त्यांच्यात विवाह होत नाही. सहा देवांच्या मुलासाठी सात देवांची मुलगी चालते, पण सहा देवांची चालत नाही, मग आडनाव वेगळे असले तरीही. प्रदेश बदलला की एखाद्या कुळाची देवसंख्याही काही वेळा बदलते, म्हणून सोयरीक जुळवताना आडनावासोबत देव विचारण्याची रीत आहे.

मामाची किंवा आत्याची मुलगी सून म्हणून आणण्याचा प्रघातही गोंडांत आहे. मंडला-बालाघाट भागात त्याला ‘दूध लौटावा’ म्हणतात. एका पिढीत एका घराने दिलेली मुलगी पुढच्या पिढीत त्या घराकडे परत येते, दुधाचे ऋण फिटते, असा त्यामागचा भाव. थोडक्यात, मेश्राम म्हणजे कोणाचे भाऊ आणि कोणाचे सोयरे, हे सांगणारे ते नाव होते. कागदावर जात लिहिण्याची वेळ फार नंतर आली.

केसलापूरचे मेसराम

हे कूळ आजही एक कूळ म्हणून एकत्र येते ते तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात. इंद्रवेल्ली मंडळातील केसलापूर येथे नागोबाचे देवस्थान आहे आणि त्याचे मानकरी मेसराम आहेत. पौष अमावास्येच्या जत्रेपूर्वी कुळातील मंडळी अनवाणी पायी जन्नारम भागातील हस्तिनमडुगू येथे जातात आणि गोदावरीचे पाणी घेऊन परततात. त्या पाण्याने नागोबाची महापूजा होते. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी ओळख करून देण्याचा विधीही याच वेळी होतो. त्याला तेथे ‘भेटिंग’ म्हणतात. मराठी ‘भेट’ त्या शब्दात सहज ओळखू येते. ही ओळख झाल्याखेरीज सून कुळात पूर्णपणे आली असे मानले जात नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही मेसराम या जत्रेला येतात.

कोमरम भीम यांचा निजामी राजवटीविरुद्धचा लढा १९४० मध्ये त्यांच्या मृत्यूने संपला. त्यानंतर गोंडांची गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादेत पाठवले. जत्रेच्या वेळी अधिकाऱ्यांनी आदिवासींचे ऐकून घेण्याचा दरबार तेव्हापासून सुरू झाला.

कुळाचा इतिहास सांगण्याचे काम प्रधान समाजाकडे असते. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि वंशावळकार. आपल्या यजमान गोंडांच्या कुळाचेच नाव ते लावतात. म्हणून मेश्राम हे आडनाव गोंडांबरोबर प्रधानांतही आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र गोंड आणि प्रधान या दोन स्वतंत्र नोंदी आहेत.

बौद्ध समाजातील मेश्राम

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ आणि सीमेपलीकडे बालाघाट या पट्ट्यात मेश्राम आणि गेडाम ही दोन्ही आडनावे पूर्वाश्रमीच्या महार समाजात मोठ्या संख्येने आहेत. या पट्ट्यावर दीर्घकाळ गोंड राजांची सत्ता होती. चांद्याचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले, तर गढा-मंडल्याचे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले. त्या काळात गोंड शेतकरी आणि महार गावकामगार पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात, एकाच पाटलाच्या हाताखाली नांदले. त्यांची बोली, दैवते आणि सण यांची देवघेव झाली, तशी कुळनामेही दोन्हीकडे आढळतात.

नाव एका समाजातून दुसऱ्या समाजात जाणे हे जगात इतरत्रही घडले आहे. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात अकान लोक मुलाला जन्मवारावरून आणि जन्मक्रमावरून नाव देतात. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नावात ‘कोफी’ म्हणजे शुक्रवारी जन्मलेला आणि ‘अन्नान’ म्हणजे चौथा. ‘मेन्सा’ म्हणजे तिसरा मुलगा. मिशनच्या शाळा आणि वसाहतकालीन दप्तरे आली तशी बापाचे नाव मुलाला आडनाव म्हणून चिकटले. आजचा मेन्सा तिसरा मुलगा असेलच असे नाही. तो अकान असेल असेही नाही, कारण एवे आणि गा लोकांतही, तसेच शेजारच्या टोगोतही हे नाव रूढ आहे. एकदा नाव दप्तरात गेले की ते मूळ नियम मागे ठेवून वाढत जाते.

सीमा बदलल्या, आडनाव राहिले

१९५६ हे वर्ष या आडनावाच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे ठरले. १४ ऑक्टोबर रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यात विदर्भातील असंख्य मेश्राम कुटुंबे होती. त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. आदिलाबादमधील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याला जोडले गेले. २००० मध्ये छत्तीसगड आणि २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाल्यावर एकाच कुळाची घरे चार राज्यांत विखुरली. माणसे हलली नाहीत, रेषा हलल्या.

रेषा हलल्या तरी सोयरीक थांबली नाही. गोंदियाची मुलगी बालाघाटला आणि बालाघाटची भंडाऱ्याला देणे हा वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा नित्याचा व्यवहार आहे. येथेच आडनाव आणि कायदा समोरासमोर येतात. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. एका राज्यात मिळालेला दर्जा दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने आपोआप सोबत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये मारी चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले. पुढे २०१८ मध्ये ही भूमिका पुन्हा मांडली गेली. गोंड मध्य प्रदेशातही अनुसूचित जमात आहेत आणि महाराष्ट्रातही. तरी लामत्याहून कामधंद्यासाठी गोंदियात येऊन स्थायिक झालेल्या गोंड मेश्राम कुटुंबाला महाराष्ट्रात तो लाभ मागता येत नाही.

दाखल्याच्या रांगेत

जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांत आडनावाचे स्थान नेमके काय, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. एकाच वर्गातील दोन मुले मेश्राम असतात. एकाच्या दाखल्यावर अनुसूचित जमात, दुसऱ्याच्या दाखल्यावर अनुसूचित जाती. दोन्ही दाखले तितकेच खरे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मान्य झाला आहे, त्यामुळे धर्माच्या रकान्यावरूनही घाईने निष्कर्ष काढता येत नाही.

पडताळणीत वजन असते ते जुन्या कागदांना. जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि जातीसाठी १० ऑगस्ट १९५० या राष्ट्रपतींच्या आदेशांच्या तारखा. त्यांपूर्वीचा शाळेचा दाखला, महसुली नोंद किंवा विदर्भात ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची नोंद हाती असेल तर तिला मोठे महत्त्व येते. गावचा कोतवाल जन्माची खबर देई आणि त्या नोंदीत बापाचे नाव आणि जात लिहिली जाई. आडनाव अनेकदा नसेच. आज ज्या आडनावावरून लोक तर्क करतात, ते मूळ पुराव्यात काही वेळा सापडतही नाही.

नावाच्या साम्यावरून दावे वाढल्याचा अनुभवही विदर्भाला आहे. १९७६ च्या कायद्याने जमातींवरील क्षेत्रबंधन उठल्यानंतर असे अनेक दावे आले. हलबा आणि हलबा-कोष्टी यांचा वाद त्यांतील सर्वांत गाजलेला. २००० मध्ये मिलिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की यादीतील नोंद जशी आहे तशीच वाचावी, तिच्यात शब्द घालू नयेत. दुसरीकडे, ‘ठाकूर’ या अनेक समाजांत आढळणाऱ्या नावाच्या जमातीसंबंधी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की रीतिरिवाजांच्या साम्याची चाचणी ही एकमेव आणि अंतिम कसोटी होऊ शकत नाही.

हे निकाल मेश्रामांविषयीचे नाहीत, पण त्यांतून निघणारा अर्थ त्यांना लागू पडतो. नावातील साम्य हा जातीचा पुरावा नव्हे. आणि आडनाव ‘दुसऱ्या समाजाचे वाटते’ म्हणून खऱ्या दाखल्यावर संशय घेणेही तितकेच चुकीचे. गोव्यातही गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून दाखल्यांचा विषय येथील घराघरांत पोहोचला आहे. गावडे, गावकर, वेळीप या आडनावांकडे पाहतानाही हा विवेक उपयोगी पडेल.

नोकरीनिमित्त गोव्यात, पुण्यात किंवा हैदराबादेत गेलेल्या मेश्रामाला आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे तुम्ही कोण?’ गोंडी रीतीत पुढचा प्रश्न निराळा असतो, ‘देव किती?’ पहिला प्रश्न माणसाला एखाद्या खणात बसवू पाहतो, तर दुसरा त्याच्याशी आपले नाते काय लागते, एवढेच विचारतो. मेश्राम हे नाव तयार झाले ते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी.